सॉफ्टवेअर सिंथ घ्यायच्या आधी पारखायचा कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या खोलीत ट्रॅक बनवणारी मुलं-मुली, ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणारे आणि अधूनमधून शास्त्रीय गाणारे, या सगळ्यांकडून सिंथबद्दल तेच ते प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांचे आहेत, पुढचे अडचणीचे. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सॉफ्टवेअर सिंथ म्हणजे नक्की काय? कीबोर्डमधल्या टोनपेक्षा वेगळं काय असतं त्यात?

आपल्याकडे कुठल्याही कीबोर्डला सर्रास ‘कॅसिओ’ म्हणतात आणि त्यातल्या तयार आवाजाला ‘टोन’. टोन निवडायचा आणि वाजवायचं, एवढंच तिथे आपल्या हातात. सिंथमध्ये आवाज आपण घडवतो. ऑसिलेटर कच्ची लहर देतो, फिल्टर तिच्यातला नको तो भाग कापतो, आवाज कसा उठेल आणि कसा विरेल हे एन्व्हलप ठरवतं, आणि एलएफओ या सगळ्याला हलतं ठेवतो. पूर्वी हे काम सर्किट करायचं, आता तेच गणित संगणक करतो. स्टाइनबर्गने १९९६ मध्ये व्हीएसटी, म्हणजे संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये बाहेरचे छोटे प्रोग्रॅम (प्लगइन) जोडायची पद्धत, आणलं आणि १९९९ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून त्यात वाद्यंही बसू लागली. तेव्हापासून सिंथ म्हणजे डीएडब्ल्यूच्या (ट्रॅक रेकॉर्ड आणि मिक्स करायच्या सॉफ्टवेअरच्या) आत उघडणारं एक प्लगइन, हे चित्र रुळलं.

२. डीएडब्ल्यूबरोबर सिंथ मिळतातच की. वेगळा कशाला घ्यायचा?

बहुतेक वेळा घेऊच नये. लॉजिकमधला अल्केमी किंवा एबलटन लाइव्ह सूटमधले ऑपरेटर आणि वेव्हटेबल हे पूर्ण ताकदीचे सिंथ आहेत. तुम्हाला हवा असलेला एखादा ठरावीक आवाज तुमच्याकडच्या सिंथमध्ये का येत नाही, हे तुम्ही एका वाक्यात सांगू शकलात तर नवा शोधा. ‘माझा आवाज प्रोफेशनल वाटत नाही’ हे ते वाक्य नव्हे.

३. मला ढोलकी, संबळ, सनई हवी आहे. कुठला सिंथ घेऊ?

यासाठी सिंथ नको, सॅम्प्लर हवा. सॅम्प्लर खऱ्या वाद्याचं ध्वनिमुद्रण वाजवतो. ढोलकीच्या शाईवरची बोटं किंवा संबळाची घुमारदार थाप ऑसिलेटरमधून हुबेहूब काढायला बसलात तर आठवडे जातील. सिंथचा उपयोग त्या तालाच्या खाली आहे. संबळाच्या खाली साइन लहरीचा खोल बास ठेवून पाहा, मंडपातल्या स्पीकरवर फरक कळेल. काही प्लगइन दोन्ही कामं करतात, पण पारखताना सिंथची बाजू आणि सॅम्पलची बाजू वेगवेगळी पारखा.

४. सबट्रॅक्टिव्ह, एफएम, वेव्हटेबल... यातलं मला काय हवं?

हवा असलेला आवाज डोक्यात आणा. जाड बास, मऊ पॅड (मागे पसरून राहणारा लांब आवाज), जुन्या हिंदी गाण्यांतल्यासारखी सिंथची ओळ हवी असेल तर सबट्रॅक्टिव्ह: भरगच्च लहर घ्यायची आणि फिल्टरने कोरायची. १९७० च्या मिनीमूगचं तत्त्व हेच. घंटा, काचेसारखा इलेक्ट्रिक पियानो, धातूचा खणखणाट हवा असेल तर एफएम: एका लहरीने दुसरीला झपाट्याने हलवायचं. त्याचं तत्त्व जॉन चाउनिंग यांनी स्टॅनफर्डमध्ये शोधलं आणि १९८३ च्या यामाहा डीएक्स७ मधून ते जगभर गेलं. वाजताना रूप बदलणारा, गुरगुरणारा, आजच्या डान्स म्युझिकमधला आवाज हवा असेल तर वेव्हटेबल: अनेक लहरी एका रांगेत ठेवलेल्या असतात आणि आपण त्या रांगेतून पुढेमागे सरकतो. सीरम आणि व्हायटल हे त्या घरातले.

पहिलाच सिंथ असेल तर माझं मत सबट्रॅक्टिव्हच्या बाजूने आहे. तिथे नॉब फिरवला की काय झालं ते लगेच ऐकू येतं. एफएममध्ये एक आकडा किंचित हलवला की सगळा आवाज पालटतो, त्यामुळे कान तयार व्हायच्या आधीच माणूस कंटाळतो.

५. डेमो चौदा दिवसांचा आहे. त्यात नेमकं काय करून पाहू?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात महत्त्वाचाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्या दिवशी प्रीसेटला (आधीच बनवून दिलेल्या आवाजांना) हात लावू नका. ‘इनिट’ नावाचा रिकामा पॅच (आवाजाची मांडणी) उघडा. बहुतेक सिंथमध्ये तो मेनूत असतो आणि त्यात एक साधी सॉटूथ लहर वाजते. ती इफेक्टशिवाय पाच मिनिटं ऐका, खालच्या सप्तकापासून वरच्यापर्यंत. मग त्यातून तीन आवाज स्वतः बनवा: एक बास, एक पॅड, एक लीड (मुख्य सुरावट वाजवणारा). मॅन्युअल न उघडता. कुठे अडलात ते वहीत लिहा. मॉड्युलेशन (एलएफओ किंवा एन्व्हलपने दुसरा नॉब हलवणं) जोडायला किती क्लिक लागले? एलएफओ फिल्टरला जोडलाय हे पडद्यावर बघताक्षणी कळतं का, की दुसऱ्या पानावर जाऊन शोधावं लागतं?

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फिल्टर. रेझोनन्स (कापलेल्या जागेजवळचा नाद उठावदार करणारा नॉब) बराच वर न्या आणि कटऑफ (फिल्टर जिथून कापतो ती जागा) अगदी हळू, दहा-पंधरा सेकंद घेऊन खाली आणा. आवाज तेलाच्या धारेसारखा सलग सरकला पाहिजे. जिन्याच्या पायऱ्या उतरल्यासारखा खटखट आला तर तो दोष मिक्समध्ये लपेल, पण सोलोत लपणार नाही. मग एन्व्हलपचा अटॅक (आवाज उठायला लागणारा वेळ) शून्यावर आणि डिके (उठल्यावर उतरायला लागणारा वेळ) अगदी कमी करून ‘टक्’ असा आवाज काढा. काही सिंथमध्ये तो करकरीत निघतो, काहींमध्ये बोथट. तुम्ही बास आणि पर्कशन करत असाल तर या एका टक् वर निर्णय झाला तरी चालेल.

चौथ्या दिवसापासून खरा अपुरा राहिलेला ट्रॅक उघडा आणि त्यातला एक आवाज नव्या सिंथने बदला. रिकाम्या प्रोजेक्टमध्ये प्रत्येक सिंथ भव्य वाटतो. ढोल, बास, गळा यांच्यामध्ये तो कुठे बसतो, हे तिथेच कळतं. उरलेल्या दिवसांत प्रश्न ७ ते ९ मधल्या चाचण्या करा. डेमो संपल्यावर आठवडाभर थांबा. त्या आठवड्यात काम करताना हात आपोआप त्या सिंथकडे गेला आणि तो नाही म्हणून खटकलं, तर घ्या.

डेमोची बंधनं आधी वाचा. काहींमध्ये ठरावीक मिनिटांनी आवाज बंद होतो, काहींमध्ये सेव्ह होत नाही. यू-ही या सिंथ बनवणाऱ्या कंपनीच्या डेमोला मुदत नाही, पण अधूनमधून खरखर येते. तो बिघाड नसतो.

६. त्यात तीन हजार प्रीसेट आहेत. हा मोठा फायदा नाही का?

प्रीसेट ऐकून सिंथ घेण्याची चूक मी केली आहे. सेलमध्ये एक घेतला, दोन महिने प्रीसेट बदलत बसलो, आणि एकाही गाण्यात तो शेवटपर्यंत टिकला नाही. प्रत्येक प्रीसेटवर रिव्हर्ब, डिले आणि कोरस इतके थापलेले होते की ते काढल्यावर उरलेला आवाज मला आवडतच नव्हता. तेव्हापासून मी प्रीसेट एकाच प्रकारे ऐकतो: सगळे इफेक्ट बंद करून. शिवाय प्रीसेट हे कुशल साउंड डिझायनरचं काम असतं. सिंथ किती सोपा आहे हे त्यावरून कळत नाही. मात्र शिकण्यासाठी प्रीसेट उत्तम. आवडलेला एक घ्या, एकेक नॉब शून्यावर आणत जा, कशाने काय होतं ते कळत जाईल.

७. दोन सिंथ शेजारी ठेवून ऐकले की एक कायम ‘जाड’ वाटतो. तोच चांगला ना?

आधी आवाजाची पातळी मोजा. किंचित मोठा आवाज आपल्या कानांना नेहमीच जास्त भरलेला वाटतो, एखाद्या डेसिबलचा फरक त्याला पुरतो. दोन्ही ट्रॅकवर मीटर लावून पातळी सारखी करा आणि मगच तुलना करा. शक्य असेल तर मित्राला ट्रॅक बदलायला सांगून डोळे मिटून ऐका.

दुसरी गोष्ट युनिसन. एका स्वरासाठी सात-आठ किंचित बेसूर लहरी एकत्र वाजवून डावी-उजवीकडे पसरल्या की आवाज प्रचंड रुंद होतो. हेडफोनवर अंगावर येतो. पण आपल्याकडे कार्यक्रमांच्या कितीतरी साउंड सिस्टिम मोनोत चालतात, आणि मोनो केल्यावर हाच आवाज पोकळ होऊ शकतो. मास्टरवर मोनोचं बटण दाबून दोन्ही सिंथ पुन्हा ऐका. बऱ्याचदा निकाल उलटा लागतो.

८. एलियासिंग म्हणजे काय? ते मला ऐकू येईल का?

येईल, कुठे ऐकायचं ते कळलं की. ४४,१०० हर्ट्झ सॅम्पल रेटवर (सेकंदाला आवाजाची इतकी मोजमापं) २२,०५० हर्ट्झच्या वरचा नाद मांडताच येत नाही. सॉटूथ लहरीत मात्र मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे उपस्वर वरवर चढत जातात. सिंथने ते वेळीच छाटले नाहीत तर ते आरशावर आपटल्यासारखे खाली परततात. उदाहरण घ्या: ३,५२० हर्ट्झचा उंच स्वर वाजवला. त्याचा बारावा उपस्वर ४२,२४० वर जायला हवा, तो परतून १,८६० वर येतो. म्हणजे वाजवलेल्या स्वराच्याही खाली, आणि त्याच्याशी कुठलंही सुरेल नातं नसलेला.

चाचणी अशी. इनिट पॅच, सॉटूथ, युनिसन एक, फिल्टर आणि इफेक्ट बंद. वरच्या सप्तकात एक स्वर धरा आणि पिच हळूहळू वर न्या. स्वर वर जात असताना पार्श्वभूमीत काहीतरी शिट्टीसारखं खाली उतरताना ऐकू आलं, की ते एलियासिंग. व्हॉक्सेंगोचा फुकट स्पॅन अ‍ॅनलायझर लावलात तर डोळ्यांनाही दिसेल. साध्या लहरीत उत्तीर्ण झालेले सिंथ एफएम, सिंक किंवा डिस्टॉर्शन लावल्यावर नापास होऊ शकतात, तेव्हा तेही करून पाहा. त्यावर उपाय ओव्हरसॅम्पलिंग: आतलं गणित दुप्पट किंवा चौपट वेगाने करायचं. त्याची किंमत प्रोसेसर मोजतो, ती पुढच्या प्रश्नात.

एलियासिंग नेहमीच वाईट असतं असं मात्र नाही. खरखरीत, जुन्या डिजिटल वाद्यांचा आवाज हवा असेल तर तोच त्याचा स्वभाव आहे. खालच्या सप्तकात बास करणाऱ्याला याचा त्रासही फारसा होत नाही.

९. माझा लॅपटॉप साधा आहे. सिंथ झेपेल का, हे आधी कसं कळेल?

एका स्वरावर मोजू नका. चार स्वरांचा कॉर्ड, दोन ऑसिलेटर, प्रत्येकी आठ युनिसन: एका क्षणी ६४ लहरी झाल्या. रिलीज लांब असेल तर मागचा कॉर्ड विरायच्या आत पुढचा येतो आणि १२८ होतात. म्हणून चाचणीही अशीच करा. लांब रिलीजचा पॅड घ्या, कॉर्ड भराभर बदला आणि सीपीयूचा सरासरी आकडा बघू नका, सर्वात वर गेलेला बघा. चरचर ऐकू आली की बफर (संगणक एका वेळी आवाजाची किती सॅम्पल तयार करतो तो आकडा) वाढवा. ४४,१०० वर २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे ५.८ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे ११.६. मिक्स करताना ५१२ किंवा त्याहून जास्त ठेवायला हरकत नाही. वाजवून रेकॉर्ड करताना तो उशीर बोटांना जाणवू लागतो.

चाचणी चार्जर लावून एकदा आणि बॅटरीवर एकदा करा, अनेक लॅपटॉप बॅटरीवर वेग कमी करतात. उन्हाळ्याचंही तेच. जानेवारीत सहज चाललेला प्रोजेक्ट मे महिन्याच्या दुपारी पंख्याखाली अडखळतो, कारण प्रोसेसर तापला की स्वतःला आवरतो.

यू-हीचा डिव्हा जड म्हणून प्रसिद्ध आहे. अ‍ॅनालॉग फिल्टरमध्ये आउटपुट त्याच क्षणी इनपुटकडे परत येतो. तो परिणाम साधायला डिव्हा प्रत्येक सॅम्पलला समीकरण सोडवतो, आणि म्हणूनच त्याचा फिल्टर इतका जिवंत वाटतो. त्यात दर्जाच्या पायऱ्या दिल्या आहेत: काम करताना हलकी ठेवा, एक्स्पोर्टच्या वेळी वरची. इतर जड सिंथसाठी ट्रॅक फ्रीझ करणं (तात्पुरता ऑडिओ करून ठेवणं) हा जुना आणि भरवशाचा मार्ग आहे.

१०. फुकट सिंथवर भागेल का?

भागेल, आणि हे मी मनापासून सांगतो. सर्ज आधी विकत मिळायचा, २०१८ मध्ये त्याचा सोर्स कोड खुला झाला आणि आज सर्ज एक्सटी विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. मॅट टायटेल यांचा व्हायटल २०२० मध्ये आला. त्याच्या फुकट आवृत्तीत इंजिन पूर्ण आहे, कमी आहेत ते प्रीसेट आणि वेव्हटेबल. डेक्स्ड हा डीएक्स७ चा अवतार: सहा ऑपरेटर, ३२ अल्गोरिदम, आणि मूळ वाद्याच्या पॅचच्या फाइल त्यात थेट उघडतात. हे तिघं मिळून प्रश्न ४ मधले तिन्ही प्रकार होतात. वर्षभर यांच्यावर काम करा, मग पैसे कशासाठी द्यायचे ते स्पष्ट होईल.

११. सिंथवर राग वाजवायचा आहे. मींड आणि श्रुती नीट येतील का?

चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत रोलँडचा ज्युपिटर-८ सिंथ, टीबी-३०३ बास मशीन आणि टीआर-८०८ ड्रम मशीन घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवले. टीबी-३०३ ची स्लाइड एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरते, ती आपल्या कानांना परकी वाटत नाही. म्हणजे रस्ता आहे. पण प्रत्येक सिंथ त्यासाठी योग्य नसतो.

मींडेसाठी मोनो मोड (एका वेळी एकच स्वर), लेगाटो (स्वर न तोडता जोडणं) आणि ग्लाइड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरणं) या तीन गोष्टी तपासा. मंद्र पंचमावरून मध्य षड्जावर या. लांबच्या आणि जवळच्या स्वराला सारखाच वेळ लागतो, की अंतराप्रमाणे बदलतो? दोन्ही पर्याय असलेला सिंथ उत्तम. ग्लाइडचा वक्र बदलता आला तर आणखी चांगलं, कारण गळ्यातली मींड सरळ रेषेत जात नाही. आंदोलनासाठी पिच बेंडचा पल्ला वरखाली बारा सेमीटोनपर्यंत वाढवून पाहा. मिडीच्या पिच बेंडमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात, त्यामुळे तिथे सलगपणा टिकतो. तेच काम १२८ पायऱ्यांच्या साध्या कंट्रोलरने केलं तर प्रत्येक पायरी सुमारे १९ सेंटची (एका सेमीटोनचे १०० सेंट) होते आणि कान ती पकडतो. कॉर्डमधल्या एकाच स्वराला मींड द्यायची असेल तर एमपीई (प्रत्येक स्वर वेगळा वाकवू देणारी मिडीची पद्धत) लागतं, ते आहे का पाहा.

श्रुतीचा प्रश्न ट्यूनिंगचा. समान अंतराच्या सप्तकात शुद्ध गंधार ४०० सेंटवर बसतो, तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार सुमारे ३८६ वर. हा १४ सेंटचा फरक पेटीवरही खटकतो आणि लांबलेल्या पॅडवर तर फारच. सर्ज एक्सटी आणि व्हायटल स्काला फाइल (सप्तकातल्या स्वरांची अंतरं लिहिलेली) वाचतात, म्हणजे हवं ते सप्तक भरता येतं. एक अडचण इथे हमखास येते: फाइल बहुधा पांढरी एकला सा धरते. तुमचा सा काळी चार असेल तर कळफलकाची मांडणीही तिथे हलवावी लागते. नाहीतर शुद्ध केलेला गंधार भलत्याच पट्टीवर जाऊन बसतो आणि माणूस सिंथला दोष देतो.

१२. व्हीएसटी२, व्हीएसटी३, एयू, क्लॅप: कुठलं घेऊ?

ही सगळी प्लगइनची वेगवेगळी रूपं आहेत. लॉजिकवर असाल तर अ‍ॅपलचं एयूच लागेल. बाकी बहुतेकांनी व्हीएसटी३ घ्यावं. व्हीएसटी२ चे नवे परवाने स्टाइनबर्गने २०१८ मध्ये थांबवले, म्हणून फक्त त्याच रूपात मिळणाऱ्या सिंथवर पैसे खर्च करताना दहादा विचार करा. क्लॅप २०२२ मध्ये बिटविग आणि यू-ही यांनी आणलं. तुमचं डीएडब्ल्यू ते उघडत असेल तर चांगलंच. ३२-बिट सिंथ मॅकओएस कॅटलिना आणि त्यापुढच्या मॅकवर चालणार नाही.

१३. कंपनी बंद पडली तर माझ्या सिंथचं काय?

हे घडतं. अल्केमी बनवणारी कॅमल ऑडिओ २०१५ च्या सुरुवातीला बंद झाली. कंपनी अ‍ॅपलकडे गेली आणि अल्केमी पुढे लॉजिकचा भाग झाला. विंडोजवर ज्यांनी तो घेतला होता त्यांच्यासाठी रस्ता तिथेच संपला. म्हणून घेताना परवाना कसा तपासला जातो ते पाहा. साधी सीरियल किंवा की फाइल असेल तर कंपनी नसली तरी इन्स्टॉल करता येण्याची आशा असते. दरवेळी सर्व्हरला विचारणारा परवाना जास्त धोक्याचा. आणि कशाचाही परवाना असो, ट्रॅक पूर्ण झाला की सिंथचे सगळे ट्रॅक ऑडिओ करून ठेवा. दहा वर्षांनी प्रोजेक्ट उघडणार नाही, वेव्ह फाइल उघडेल.

१४. आधी क्रॅक वापरून बघितला तर काय बिघडतं?

पहिलं म्हणजे बनवणाऱ्याचा हक्क बुडतो, आणि यातले बरेच सिंथ चार-दोन माणसांनी बनवलेले असतात. दुसरं म्हणजे पारख चुकते: क्रॅकमधले क्रॅश सिंथचे की क्रॅकचे, ते सांगता येत नाही. डेमो आहेत, फुकट सिंथ आहेत (प्रश्न १०). गरज उरत नाही.

१५. किंमत डॉलरमध्ये आहे. शेवटी हातातून किती जातात?

दिसणाऱ्या किमतीवर अनेक परदेशी दुकानं शेवटच्या पानावर १८ टक्के जीएसटी जोडतात, म्हणजे १०० डॉलरचे ११८ होतात. त्यावर कार्डाचं परकीय चलन शुल्क वेगळं. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहे का ते बँकेच्या अ‍ॅपमध्ये आधी बघा. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मोठे सेल लागतात, विद्यार्थी असाल तर शैक्षणिक सवलत विचारा. पुढची मोठी आवृत्ती फुकट मिळते का, हेही किमतीतच धरा: सीरम असलेल्यांना २०२५ मध्ये सीरम २ विनामूल्य मिळाला.

१६. ऑर्केस्ट्रात लाइव्ह वाजवायचं आहे. वेगळं काय तपासू?

पॅच बदलायला लागणारा वेळ. एक गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंत निवेदकाची दोन वाक्यं असतात, तेवढ्यात जड पॅच लोड झाला नाही तर फजिती. स्वर दाबून ठेवून पॅच बदला: जुना आवाज विरत जातो की खाडकन तुटतो? आणि सलग तीन तास सिंथ चालू ठेवून तालीम करा, घरी, कार्यक्रमाच्या आधी.

१७. तोच प्रोजेक्ट दोनदा एक्स्पोर्ट केला, दोन्ही वेळा बास वेगळा आला. सिंथ बिघडलाय का?

बहुधा नाही. अनेक सिंथमध्ये ऑसिलेटर प्रत्येक स्वराला लहरीच्या वेगळ्या बिंदूपासून सुरू होतात, कारण अ‍ॅनालॉग वाद्यांत तसंच होतं. पॅडला त्याने जिवंतपणा येतो. बासचं मात्र नुकसान होतं: किकबरोबर एका वेळी लहर जुळते आणि ठोका भरीव येतो, दुसऱ्या वेळी उलटी पडते आणि ठोका विरतो. फेजच्या (लहर कुठल्या बिंदूपासून सुरू होते त्याच्या) शेजारी ‘रँडम’ किंवा ‘रिट्रिगर’ असं काही असेल ते शोधा. सीरममध्ये रँडचा नॉब आहे, बाससाठी तो शून्यावर आणा. मग पुन्हा दोनदा एक्स्पोर्ट करून दोन्ही नव्या फाइल एका प्रोजेक्टमध्ये टाका आणि एकीची फेज उलटी करा. दोन्ही मिळून शांतता झाली तर प्रश्न सुटला. तरीही अवशेष ऐकू आला तर एलएफओ मुक्त चालतोय का ते पाहा, त्यालाही स्वराबरोबर नव्याने सुरू व्हायला सांगा. हेही करून फरक उरला, तर सिंथ एक्स्पोर्टच्या वेळी आपोआप वरच्या दर्जावर जातो का ते सेटिंगमध्ये बघा. आणि ज्या सिंथमध्ये हा यादृच्छिकपणा बंदच करता येत नाही, त्याचा बास आवडलेल्या टेकवरच ऑडिओ करून ठेवा.